दाढेची सूज गोळ्यांनी उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत येते : नेमकं कुठे अडतंय?

तक्रार साधारण अशी असते. "खालची दाढ ठणकत होती, गाल सुजला. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, तिसऱ्या दिवशी सूज उतरली. गणपतीत पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम. आता परत सुजलीय आणि या वेळी त्याच गोळ्यांनी फरक पडत नाही. यापेक्षा स्ट्राँग कुठली घेऊ?"

तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवताना हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. उत्तर आधीच सांगते : स्ट्राँग गोळी हा यावरचा उपाय नाही. पू जिथे तयार होतो ती जागा साफ केल्याशिवाय हे चक्र थांबत नाही, आणि दर खेपेला ते थोडं अधिक धोकादायक होतं. पण कारणांकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या.

आत्ता सूज असेल तर आधी हे बघा

तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. निरोगी माणसाची तीन बोटं बसतात. सूज आल्यापासून जेमतेम एकच बोट जात असेल, तर संसर्ग चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचला आहे. (गुटखा-सुपारीमुळे वर्षानुवर्षं ज्यांचं तोंड कमीच उघडतं, त्यांनी आठवडाभरापूर्वी किती उघडत होतं त्याच्याशी तुलना करावी.) मग थुंकी गिळून पाहा. गिळताना त्रास होतोय, लाळ तोंडातून गळतेय, आवाज घोगरा किंवा तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा येतोय, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटतेय, हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी टणक लागतोय, सूज गळ्याकडे उतरतेय किंवा डोळ्याकडे चढतेय, डोळा बंद होतोय किंवा एकाचं दोन दिसतंय, ताप आणि थंडी वाजतेय, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय : यांतलं एकही असेल तर हे वाचणं थांबवा आणि मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ लावा. नेताना रुग्णाला आडवं झोपवू नका, बसवून न्या. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत चहा-बिस्किटं देऊ नका.

एवढं घाबरवण्याचं कारण आहे. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेखालचा स्नायू जिथे हाडाला चिकटतो त्या रेषेच्याही खाली पोचतात. तिथला पू फुटला की तोंडात न येता थेट हनुवटीखाली आणि गळ्याच्या पोकळीत उतरतो. दोन्ही बाजू सुजतात, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. जर्मनीतल्या स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला आजही लुडविग्ज अँजायना म्हणतात. प्रतिजैविकं (अँटिबायोटिक) येण्याआधी यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता वेळेत पोचलेले बहुतेक वाचतात, पण "वेळेत" म्हणजे काही तास. संध्याकाळी साधी वाटलेली सूज पहाटेपर्यंत श्वास अडवू शकते.

वरच्या दातांचा रस्ता वेगळा आहे. सुळ्याचा पू नाकाशेजारून डोळ्याखाली चढतो, आणि क्वचित चेहऱ्याच्या शिरांमधून डोळ्यामागे, मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तपोकळीत रक्ताची गाठ होते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा अशाच कारणाने गेला. दाढेतला जंतुसंसर्ग मेंदूत पोचला होता. साधी दाढ काढणं वेळेवर झालं असतं तर तो वाचला असता, आणि या घटनेनंतर तिथे गरीब मुलांच्या दातांच्या उपचारांवर मोठी चर्चा झाली. वरच्या दाढा काढल्या की डोळे अधू होतात, ही भीती आपल्याकडे घराघरात आहे. ती पूर्ण उलटी आहे. दाढेची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत, दाढ काढल्याने नजरेला काहीही होत नाही. डोळ्याला धोका असलाच तर तो न काढलेल्या, पू धरलेल्या दाताचा.

गोळीने उतरते ती का, आणि परत का येते

दाताच्या मधोमध नस आणि बारीक रक्तवाहिन्या असतात. कीड खोल गेली की आधी थंड पाण्याने कळ येते. मग गरम चहाने येते आणि मिनिटभर टिकते. काही जण रात्री तोंडात गार पाणी धरून बसतात, कारण तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तेव्हा नस शेवटच्या टप्प्यात असते. आणि मग एके दिवशी दुखणं अचानक थांबतं. घरात सगळ्यांना हायसं वाटतं, दवाखान्याचा बेत रद्द होतो. प्रत्यक्षात नस मेलेली असते.

मेलेल्या नसेत रक्त जात नाही. तुम्ही गिळलेलं प्रतिजैविक रक्तातूनच प्रवास करतं, त्यामुळे ते दाताच्या पोकळीत पोचतच नाही, आणि घट्ट साठलेल्या पुवातही फारसं शिरत नाही. ते फक्त मुळाभोवतीच्या जिवंत मांसात पसरलेले जंतू मारतं. म्हणून सूज उतरते. आतला साठा तसाच राहतो, मुळाच्या टोकाच्या छिद्रातून झिरपत राहतो आणि सर्दी-ताप, जागरण, साखर वाढणं असं काही निमित्त मिळालं की पुन्हा उसळतो.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा गाभा हाच आहे : प्रकृती चांगली असलेल्या प्रौढ माणसाचा दात लगेच उपचार करून साफ करता येत असेल तर प्रतिजैविकाची गरजच नाही; ताप, अशक्तपणा, पसरणारी सूज अशी लक्षणं असतील तर ते उपचाराच्या जोडीला द्यायचं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. गोळी हाच उपचार आणि दवाखाना "नंतर बघू". पाकिटावर लाल उभी रेघ असलेली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात, हे सांगणारी सरकारची मोहीम २०१६ पासून आहे. तरी दाढदुखीवर दोन-दोन गोळ्या सुट्या कापून मिळतात. दोन दिवस घेऊन थांबायचं, महिन्याने पुन्हा तीच घ्यायची, असं करत गेलं की त्या औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात. वरच्या तक्रारीत "या वेळी फरक पडत नाही" असं जे म्हटलंय, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. किंवा पू आता इतका साठलाय की औषधाचं कामच उरलेलं नाही, तो वाट करून बाहेर काढायलाच हवा.

सुट्या पुड्यांविषयी वेगळं सांगते, कारण त्यांचा मला खरंच राग येतो. चार रंगीत गोळ्यांच्या पुडीत कित्येकदा स्टेरॉइड असतं. त्याने एका रात्रीत सूज बसते, माणूस खूष होतो, पण शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद त्याच वेळी कमी होते आणि मधुमेह असेल तर साखर भडकते. कुठली गोळी कशाची आहे हे नाव वाचून कळत नसेल तर ती घेऊ नका.

पू कुठून येतोय

सगळ्या सुजा सारख्या नसतात, आणि चुकीच्या जागी उपचार हेही सूज परत येण्याचं एक कारण आहे.

दात टोकदार दुखतो, त्यावर बोटाने टकटक केलं तरी कळ जाते, चावताना तो इतरांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटतो : पू बहुधा मुळाच्या टोकाशी आहे. हिरडीवर मोहरी ते तुरीच्या दाण्याएवढी पुळी येते, फुटते, तोंडात खारट-कडवट चव येते आणि ठणका जातो, तर तिथे पुवाने स्वतःची वाट तयार केली आहे. ही पुळी दुखत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. आत हाड झिजत असतं. दवाखान्यात त्या छिद्रातून रबरासारखी एक बारीक लवचीक काडी सरकवून एक्स-रे काढतात, काडीचं टोक ज्या मुळाशी जातं तो दात गुन्हेगार. पुळी ज्या दाताशेजारी दिसते तोच तो असतो असं नाही.

कधी ही वाट तोंडात न उघडता बाहेर, हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला त्वचेवर उघडते. मग माणूस ते केसतूड समजून मलमं लावत फिरतो. हनुवटीवरचा एकच फोड त्याच जागी पुन्हापुन्हा येत असेल तर त्वचेच्या औषधांआधी खालच्या पुढच्या दातांचा एक्स-रे काढा. लहानपणी खेळताना मार लागलेला, कीड नसलेला, किंचित काळपट पडलेला दात तिथे सापडतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

दात हलतोय, हिरडी सुजलीय, दाबल्यावर दात आणि हिरडीच्या फटीतून पू येतोय, पण थंड पाणी लागल्यावर दाताला जाणीव होतेय, तर नस जिवंत असून फोड हिरडीच्या खिशातला असू शकतो. इथे रूट कॅनल (दाताच्या आतली नस काढून मुळांच्या नळ्या साफ करून भरणं) करून काही साधत नाही, मुळावरचं कीटण खरवडून खोल सफाई लागते. मिश्रीची सवय असलेल्या बायकांमध्ये हे उशिरा लक्षात येतं, कारण तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येतं आणि दुखणंही दबतं.

सतरा ते पंचवीस वयात, शेवटच्या टोकाला, अर्धवट बाहेर आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीचा पदर असतो. त्याखाली अन्न अडकून सूज येते, परीक्षेच्या दिवसांत हमखास. एकदा आली तर पदराखाली धुऊन बरी होते; वारंवार येत असेल आणि दाढेला सरळ यायला जागाच नसेल तर ती काढणं बरं.

आणि वरच्या दाढांच्या बाबतीत नाकाकडेही लक्ष द्या. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड, एकाच गालात जडपणा, सर्दीच्या औषधांनी न जाणारा : वरच्या दाढांची मुळं गालाच्या पोकळीला अगदी लागून असतात, पू तिथे झिरपतो.

एक्स-रेबद्दल एक सूचना. हाडातला बराच क्षार कमी झाल्याशिवाय मुळाभोवती काळा डाग दिसत नाही. पहिल्या चार-आठ दिवसांतला एक्स-रे स्वच्छ असू शकतो. "एक्स-रेत काही नाही" म्हणून ठणकणारी दाढ निर्दोष ठरवू नका.

रात्री दवाखाना बंद आहे, तोवर

मोठ्या माणसाला, पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधं किंवा दमा यांपैकी काही नसेल तर, जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम ही जोडी दाढदुखीवर चांगली चालते. पॅरासिटामॉल चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर त्याहून बरंच कमी. लोक इथे चुकतात ते असं : डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल आधीच असतं. ती घेऊन वर पुन्हा ६५०ची गोळी, आणि वर डायक्लोफेनॅकच्याच जातीचं आयबुप्रोफेन, म्हणजे दोन्ही प्रकारची औषधं दुप्पट. पाकिटाच्या मागचं वाचा.

कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, गिळू नका. लवंगेचं तेल कापसाला एक थेंब लावून फक्त किडलेल्या खड्ड्यात ठेवलं तर थोडा वेळ बधिरपणा येतो. हिरडीवर ओतलं तर ती भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवण्याचंही तसंच, सकाळी तिथे पांढरी भाजलेली जखम असते. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा, आडवं झालं की ठणका वाढतो. गालाला बाहेरून लावायचंच असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं.

गरम शेक मात्र नको. तव्यावर तापवलेला कपडा, गरम मिठाची पुरचुंडी, बाम चोळणं, हे सगळं आजीच्या मायेने होतं, पण बाहेरून उष्णता दिली की पू गालाच्या त्वचेकडे ओढला जातो आणि फोड बाहेर फुटतो. गालावरचा तो वण आयुष्यभर राहतो. टाचणीने किंवा दाढीच्या ब्लेडने फोडायला जाऊ नका. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतले किडे पाडून देणारे अजून बाजारात बसतात. दाढेत किडा नसतोच, कीड ही जंतूंनी केलेली झीज आहे, आणि त्या दोन दिवसांच्या नादात पू पसरायला वेळ मिळतो.

दवाखान्यात काय करतात

"सूज असताना दाढ काढत नाहीत, आधी गोळ्यांनी उतरवून या" हा समज रुग्णांमध्येच नाही, काही दवाखान्यांतही आहे. त्यामागे एक खरी अडचण आहे : पू असलेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिर करण्याचं इंजेक्शन नीट चालत नाही. पण त्यावर तोडगा आहे. सुजेपासून लांब, नसेच्या मुळाशी इंजेक्शन देऊन बहुतेकदा काम होतं. मग पुवाला वाट करून दिली जाते : दात वरून उघडून, फुगलेल्या हिरडीला छोटी चीर देऊन, किंवा दाढ वाचण्यासारखी नसेल तर काढून. दाब मोकळा होताच त्याच खुर्चीत ठणका उतरलेला रुग्ण मी कित्येकदा पाहते.

दाढेचा पुरेसा भाग शिल्लक असेल तर रूट कॅनल करा. काढायची वेळ आली तर तो पराभव मानू नका, संसर्गाचं मूळ त्यानेही जातं. मधलाच मार्ग तेवढा टाळा : पहिल्या बैठकीत दाढ उघडून, औषध भरून दुखणं थांबलं की पुढच्या बैठकींना न जाणं. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. परत येणाऱ्या सुजांमध्ये अशा अर्धवट सोडलेल्या दाढा माझ्याकडे सर्वांत जास्त येतात. लग्नसराई, पेरणी, पैशांची ओढ, कारणं खरी असतात. पैशांचं कारण असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, म्हणजे अर्धवट रूट कॅनलऐवजी परवडणारा पूर्ण उपचार ठरवता येतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे हेच काम खाजगीपेक्षा खूप कमी खर्चात होतं. फेऱ्या जास्त होतात, रांग असते, पण काम पुरं होतं.

रूट कॅनल झालेलीच दाढ पुन्हा सुजली तर

तीन शक्यता आधी पाहतात. एखादी नळी साफ करायची राहून गेली. वरच्या पहिल्या दाढेत पुढच्या गालाकडच्या मुळात बहुतेकदा दुसरी बारीक नळी असते आणि ती सहज निसटते. कॅप (दाढेवरचं टोपण) बसवलीच नाही, किंवा बसवलेली सैल होऊन खालून गळती झाली. किंवा मूळ उभं चिरलं. पहिल्या दोन्हींत पुन्हा रूट कॅनल करता येतं, कधी हिरडी उघडून मुळाचं टोक कापतात. चिरलेलं मूळ मात्र सहसा वाचत नाही, आणि त्यावर पुन्हापुन्हा खर्च करू नका असं मी स्पष्ट सांगते.

ज्यांनी एक दिवसही थांबू नये

मधुमेह असेल तर संसर्गाने साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने संसर्ग पसरतो. सूज आली की त्याच दिवशी साखर तपासा. वरच्या जबड्यातले अनेक दात एकदम हलायला लागले, गाल बधिर झाला, टाळूवर काळपट डाग दिसला, तर ही साधी दाढ नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) जे रुग्ण आले, त्यांतल्या अनेकांची सुरुवात अशीच होती. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले यांनाही हेच लागू. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर दाताला हात लावण्याआधी तासभर प्रतिजैविकाचा एक डोस घ्यावा लागतो, म्हणून ते आठवणीने सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा, दाढ काढल्यावर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो.

गरोदरपणी दात काढत नाहीत असं सासरी-माहेरी सांगितलं जातं. पुवाचा दात पोटातल्या बाळासाठी उपचारांपेक्षा जास्त घातक आहे. बधिर करणं, पू काढणं, पोटाला संरक्षण देऊन एक्स-रे, हे सगळं करता येतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन नको.

मुलांच्या बाबतीत "दुधाचाच आहे, पडेल" म्हणून सोडू नका. दुधाच्या दाढेखाली पक्क्या दाताचा कोंब असतो आणि वरच्या पुवाने त्याचं आवरण डागाळलेलं, खडबडीत येऊ शकतं. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे येणारी दाढ दुधाची नसते. ती कुठल्याही दाढेच्या जागी येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि किडून सुजलेली ती दाढ पक्की असल्याचं आईवडिलांना दवाखान्यात कळतं. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. ताप असलेलं, पाणीही न पिणारं, सुजलेलं मूल त्याच दिवशी दाखवा.

उपचारानंतर

पू काढल्यावर दोन ते तीन दिवसांत सूज ठळकपणे कमी व्हायला हवी. न झाल्यास किंवा वाढल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता परत जा. प्रतिजैविक दिलं असेल तर सांगितलेले दिवस घ्या, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवू नका. रूट कॅनल संपल्यावर कॅपची तारीख तेव्हाच घ्या. मुळाभोवतीचं झिजलेलं हाड भरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढा. आधीचा एक्स-रे जपून ठेवा, मोबाइलमधला फोटोही चालेल. डाग लहान होतोय की नाही, ते दोन्ही शेजारी ठेवूनच कळतं.